आडनाव एक म्हणून भाऊबंद नव्हेत

प्रश्न : डॉक्टरबाई, मी ५१ वर्षांची, शाळेत शिक्षिका. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. मार्चपासून तीनदा लघवीचं इन्फेक्शन झालं. पहिल्यांदा कल्चरमध्ये (लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्यात) ई. कोलाय आला, गोळ्यांनी बरं वाटलं. जूनमध्ये मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिन आणून घेतलं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा ई. कोलाय, या वेळी पुढे ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असं लिहिलेलं. त्याच सुमारास सासूबाईंच्या (वय ७६) मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सगळ्या तपासण्या केल्या, तर त्यांच्या लघवीतही ई. कोलाय आणि तोही ईएसबीएल! त्यांना त्रास काहीच नाही, पण ऑपरेशन पुढे ढकललंय आणि इंजेक्शनं द्यावी लागतील म्हणतात. घरात संडास एकच. यांचं म्हणणं, माझ्यामुळे आईला लागण झाली. माझं म्हणणं नेमकं उलट. पुतणी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करते. ती म्हणते, दोघींच्या जंतूंचं डीएनए फिंगरप्रिंटिंग करा, सोक्षमोक्ष लागेल. करावं का? शाळेत जायची धड सोय नाही, म्हणून पाणी कमीच पिते. मुलीने डी-मॅनोजच्या पुड्या पाठवल्यात, त्या घेऊ का? आणि हा जंतू घरातून कायमचा जाणार कधी?
— एक वाचक, बार्शी

ताई,

तुमची पुतणी हुशार आहे, पण या एका बाबतीत तिचं ऐकू नका. पहिली अडचण अगदी साधी आहे. ज्या जंतूंची तुलना करायची, ते आता बहुतेक शिल्लकच नाहीत. रिपोर्ट गेला की लॅब जंतू वाढवलेल्या त्या प्लेटी काही दिवसांत ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या यंत्रात, घालून टाकून देते. जंतू जपून ठेवतात ते संशोधनासाठी किंवा वॉर्डात साथ आली तर. म्हणजे आरोपी दोन, पुरावा शून्य, आणि पंचनामा मात्र घरात रोज चाललेला.

समजा, प्लेटी जपून ठेवल्या असत्या, तरी दोन्ही रिपोर्टवर ‘ई. कोलाय’ लिहिलंय एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तुमच्या हजेरीपटावर पाटील किती आहेत ते बघा. ते सगळे एका वाड्यातले असतात का? ई. कोलाय हे तसलंच आडनाव आहे. थिओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञांना १८८५ मध्ये तो तान्ह्या बाळांच्या शी-मध्ये सापडला. पुढे त्यांच्याच नावाने तो ओळखला जाऊ लागला. तुमच्या, माझ्या, सासूबाईंच्या, सगळ्यांच्या आतड्यांत तो राहतो आणि बहुतेक जन्मभर कुणाला त्रास न देता राहतो. २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी तीन ई. कोलाय शेजारीशेजारी ठेवून त्यांचा जनुकसंच ताडून पाहिला. एक प्रयोगशाळेतला निरुपद्रवी, एक रक्ती हगवण लावणारा आणि एक किडनीला संसर्ग झालेल्या अमेरिकन बाईच्या शरीरातून आलेला. तिघांची मिळून जेवढी प्रथिनं निघाली, त्यांतली जेमतेम ३९ टक्के तिघांत समान होती. तरी नाव तिघांचंही एकच.

मग लघवीत जाऊन बसणारा ई. कोलाय ओळखायचा कसा? शिकवण्याच्या वर्षांत मी मुलांना एक प्रयोग दाखवायचे, तो सांगते. काचपट्टीवर बेकरीच्या यीस्टचा एक थेंब ठेवायचा, त्यात जंतूंचा थेंब मिसळायचा आणि पट्टी हलकेच डोलवायची. अर्ध्या-एक मिनिटात दुधाळ थेंब दह्यासारखा फुटतो, बारीक गुठळ्या होतात. आता शेजारच्या थेंबात आधी चिमूटभर मॅनोज घाला आणि तेच करा. गुठळ्या होत नाहीत. मॅनोज ही एक साखर आहे. यीस्टच्या अंगावर ती असते, आणि मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर जी प्रथिनं असतात, त्यांच्यावरही असते. जंतूच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात आणि त्यांच्या टोकाला या साखरेला पकडणारा आकडा असतो. मोकळी साखर मिळाली की आकडे तिच्यातच अडकतात आणि यीस्ट सुटतं. लघवीच्या लोंढ्यात वाहून न जाता जंतू अस्तराला चिकटून राहतो, तो याच आकड्याच्या जोरावर.

पण गंमत अशी, की हे तंतू जवळजवळ सगळ्याच ई. कोलायकडे असतात, आतड्यात गुमान राहणाऱ्याकडेही. मूत्राशयातून वर चढून किडनीपर्यंत पोचणाऱ्यांकडे बऱ्याचदा आणखी एका प्रकारचे तंतू असतात. ते मॅनोजला भीक घालत नाहीत. ते माणसाच्या लाल रक्तपेशींवरच्या पी रक्तगटाच्या साखरेला चिकटतात, आणि तीच साखर किडनीच्या पेशींवरही असते. स्वीडनमध्ये कॅथरिना स्वॅनबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हे चिकटणं मोजायला सुरुवात केली. कोणता जंतू किती चिकटतो यावरून आजार किती वर जाईल याचा अंदाज बांधता येतो, हे तेव्हापासून लक्षात येत गेलं.

याखेरीज हत्यारं आहेतच. ई. कोलायचे काही वाण, म्हणजे त्याचे निरनिराळे प्रकार, रक्तपेशी फोडणारं विष सोडतात. हे तर डोळ्यांनी दिसतं. रक्त घातलेली लाल प्लेट खिडकीकडे धरली, की अशा वाणाच्या प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ, आरपार दिसणारं कडं दिसतं, जणू कुणी तेवढी जागा खोडरबराने पुसली. लघवीत लोखंडाचा तुटवडा असतो, म्हणून काही वाण ते ओढून आणणारे रेणू बनवतात, तेही एका नव्हे तर तीन-चार प्रकारचे. काहींच्या अंगावर असं आवरण असतं की आपल्या पांढऱ्या पेशींना ते सहज गिळता येत नाहीत. ही हत्यारं ज्या जनुकांत लिहिलेली असतात, ती बरेचदा जनुकसंचात एकगठ्ठा, बेटासारखी येऊन बसलेली असतात. ई. कोलायची घराणी पाडली आहेत, त्यांना ए, बी१, बी२, डी अशी नावं आहेत. लघवीच्या संसर्गातले बरेचसे बी२ आणि डी घराण्यातले निघतात. आतड्यातले साधे रहिवासी ए आणि बी१ मध्ये जास्त.

आता तुमच्या रिपोर्टवरच्या त्या शब्दाकडे येते. ईएसबीएल वाचून झोप उडाली असेल, पण हा शब्द जंतू किती जहाल आहे ते सांगत नाही. तो फक्त सांगतो की हा जंतू पेनिसिलिनच्या आणि सेफिक्सिम, सेफ्ट्रायक्झोनसारख्या औषधांना तोडणारं एन्झाइम बनवतो. औषधाला दाद न देणं आणि रोग करण्याची ताकद असणं ही दोन वेगळी खाती आहेत. एके काळी तर अनुभव उलटा होता. सिप्रोफ्लॉक्सासिनला (तुमच्या नॉरफ्लॉक्सासिनच्याच गटातलं औषध) न जुमानणाऱ्या ई. कोलायकडे हत्यारं कमीच सापडायची. ही समजूत मोडली ती एसटी१३१ नावाच्या वाणाने. २००८ मध्ये तो नीट ओळखला गेला तेव्हा अनेक देशांत आधीच पसरलेला होता. बी२ घराण्यातला, हत्यारं भरपूर, आणि वर सिप्रोफ्लॉक्सासिन व सेफ्ट्रायक्झोन दोन्हींना न बधणारा. भारतातही तो भरपूर सापडतो.

शिवाय ईएसबीएलचं जनुक बरेचदा प्लाझ्मिडवर असतं, म्हणजे मुख्य डीएनएबाहेरच्या डीएनएच्याच एका छोट्या कडीवर. जंतू ती एकमेकांना देतात, अगदी वेगळ्या घराण्यातल्या जंतूलाही. एका वर्गातल्या दोन मुलांच्या वहीत एकच चुकीचं उत्तर सापडलं, म्हणून ती भावंडं ठरत नाहीत. नक्कल केली असेल. तुमचे आणि सासूबाईंचे दोन्ही जंतू ईएसबीएल असण्याचा अर्थ तेवढाच. रिपोर्टवरच्या ‘एस’ (औषध लागू पडतं) आणि ‘आर’च्या (लागू पडत नाही) यादीवरून नातं ठरवणं म्हणजे कपड्यांवरून गोत्र ठरवणं.

नातं खरंच शोधायचं असेल तर त्याच्या पद्धती आहेत. सात नेमलेल्या जनुकांची अक्षरं वाचायची आणि त्यांच्या जुळणीवरून वाणाला क्रमांक द्यायचा. एसटी१३१ मधला १३१ असाच आलाय. दुसरी जुनी रीत म्हणजे जंतूचा सगळा डीएनए एका एन्झाइमने ठरावीक ठिकाणी कापायचा आणि तुकडे जेलमधून जवळजवळ दिवसभर पळवायचे. मग पट्ट्यांची एक शिडी दिसते. दोन शिड्या तंतोतंत जुळल्या तर वाण एकच. दोन-तीन पट्ट्यांचा फरक असला तर जवळचं नातं, चार ते सहा असला तर नातं असू शकतं, सात किंवा जास्त असला तर परके. १९९५ पासून हा ठोकताळा वापरात आहे. आता संपूर्ण जनुकसंचच वाचता येतो, त्यामुळे नातं आणखी बारकाईने कळतं.

माझ्याच कामातली एक गोष्ट सांगते, म्हणजे हे कुठे उपयोगी पडतं ते कळेल. एका रुग्णालयात (नाव घेत नाही) एकाच वॉर्डातल्या चार कॅथेटरवाल्या रुग्णांना आठवड्याभरात ताप आला. चौघांच्या लघवीत क्लेब्सिएला नावाचा दुसरा एक जंतू. सिस्टरवर खापर फुटायच्या बेतात होतं. आम्ही शिड्या पाडल्या, चौघांच्या सारख्या निघाल्या. मग वॉर्डात जाऊन नुसतं उभं राहिलो. सकाळी लघवीच्या पिशव्या रिकाम्या करताना मापाचा जग एकच होता, तो पलंगापलंगाने फिरत होता, मध्ये धुतला जात नव्हता. वॉर्डाकडे जगच एक होता. प्रत्येक पलंगाला वेगळा जग आला आणि प्रकरण मिटलं. इथे नात्याने कामाचं काही सांगितलं, कारण त्यावर करण्यासारखं काही होतं.

मोठ्या पातळीवरही हेच. १९९९-२००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात लघवीच्या संसर्गाने आलेल्या तरुणींचे ई. कोलाय तपासले, तेव्हा औषधांना न जुमानणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास एकाच घराण्यातले निघाले. त्याच घराण्यातले मिशिगन आणि मिनेसोटातही सापडले. एकमेकींना न ओळखणाऱ्या मुलींना जवळजवळ एकच जंतू! तेव्हापासून खाद्यपदार्थांकडे, विशेषतः कोंबडीच्या मांसाकडे, संशयाने पाहिलं जातं. तुमच्या घरापुरता यातून एवढाच बोध घ्या, की जंतू संडासातूनच येतो असं नाही.

आणि तुमच्या वादातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. एका घरात राहणाऱ्या माणसांच्या आतड्यांत एकच वाण सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. हातावरून, स्वयंपाकातून, नळाच्या मुठीवरून तो फिरतो. नवरा-बायकोत सापडतो, आई-मुलांत सापडतो, अमेरिकेतल्या अभ्यासांत तर घरातल्या कुत्र्या-मांजरांतही सापडलाय. तेव्हा तपासणी केलीत आणि दोघींची शिडी जुळली, तर तेवढ्यावरून दोघींकडे एकच वाण आहे इतकंच कळेल. कुणाकडून कुणाकडे गेला ते त्या शिडीत लिहिलेलं नसतं. कदाचित तो दोघींकडे तिसरीकडूनच आला असेल. यजमानांकडूनही आला असेल, आणि त्यांची तपासणी कुणी केलेली नाही, हे त्यांना जेवताना सांगून बघा.

संडासाबद्दल दोन ओळी पुरेत. भांड्यावरून उडी मारून जंतू मूत्राशयात जात नाही. बाईच्या मूत्रनलिकेची लांबी असते जेमतेम चार सेंटिमीटर, आणि जंतू येतो तो बहुधा स्वतःच्याच आतड्यातून, गुदद्वाराजवळून पुढे सरकत. म्हणून धुताना पुढून मागे धुवावं, जेट असेल तर त्याची धारही तशीच ठेवावी. यात गैर काही नाही. पण नुसत्या या सवयीने वारंवारचा त्रास थांबल्याचा पक्का पुरावा नाही, त्यामुळे स्वतःला बोल लावून घेऊ नका.

आता सासूबाई. खरं तर या पत्रातली मला जास्त काळजी त्यांची वाटते. सत्तरी ओलांडलेल्या बायकांमध्ये दहांतल्या एखाद-दुसरीच्या लघवीत जंतू असतात आणि तिला कसलाही त्रास नसतो. याला उपचार लागत नाही. जळजळ नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही, तर कल्चर करायलाच नको होतं. लक्षणं नसताना लघवीतल्या जंतूंवर औषध देतात ते मुख्यतः दोन प्रसंगी : बाई गरोदर असेल तर, किंवा मूत्रमार्गाच्या अस्तराला इजा होईल असं ऑपरेशन करायचं असेल तर. मोतीबिंदू यात बसत नाही. डोळ्याचं आणि मूत्राशयाचं काही सोयरसुतक नाही.

त्यांना औषध दिलं तर काय होईल? जंतू काही दिवस हटेल, मग दुसरा येईल, कदाचित जास्त त्रासदायक. गोटेनबर्गमधली एक गोष्ट मला फार आवडते. तिथे एका मुलीच्या लघवीत तीन वर्षं ई. कोलाय होता आणि तिला काहीही झालं नाही. त्या वाणाचा क्रमांक ८३९७२. पुढे त्याची जनुकं वाचली, तर चिकटण्याच्या तंतूंची जनुकं तिथे होती, पण मोडकळीला आलेली. हत्यारं म्यानातच गंजून गेली होती. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी पुढे उलटा विचार केला. वारंवार संसर्ग होणाऱ्या काही रुग्णांच्या मूत्राशयात त्यांनी हाच वाण मुद्दाम सोडला, की हा शांत भाडेकरू जागा अडवून बसेल आणि गुंडांना घर मिळणार नाही. हा उपचार सर्रास झाला नाही, आणि तुम्ही घरी असलं काही करायचं नाही! पण सासूबाईंच्या मूत्राशयात असाच एखादा निवृत्त जंतू बसलेला असू शकतो. ईएसबीएलवर जी इंजेक्शनं देतात, मेरोपेनेमसारखी, ती राखीव फौज आहे. ज्याला रक्तात संसर्ग होऊन जीवघेणा ताप आहे, त्याच्यासाठी ती राहू द्या.

हे सगळं मी लिहिलं म्हणून परस्पर नकार कळवू नका. रिपोर्ट घेऊन त्यांच्या फिजिशियनकडे जा आणि सरळ विचारा : “यांना लक्षणं नाहीत, तरी द्यायचं का?” चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही. थंडी वाजून ताप आला, कमरेत दुखायला लागलं, लघवी करताना आग व्हायला लागली, तर मात्र गोष्ट वेगळी.

आता तुमचं. वर्षात तीनदा किंवा सहा महिन्यांत दोनदा झालं तर त्याला वारंवारचा संसर्ग म्हणतात. तुम्ही त्यात बसता. तीन वेळा तोच वाण आला की वेगवेगळे, हे आता कळणार नाही. मात्र ज्यांनी असे अभ्यास केले, त्यांना बऱ्याचदा परतून आलेला जंतू पहिलाच वाण निघालेला दिसला. त्याची कारणं दोन. एक, तो तुमच्या आतड्यात मुक्काम ठोकून असतो आणि गोळ्यांनी लघवी साफ झाली तरी तिथून पुन्हा निघतो. दुसरं कारण अमेरिकेत सेंट लुईसच्या प्रयोगशाळेत सापडलं. उंदरांच्या मूत्राशयात ई. कोलाय अस्तराच्या पेशींच्या आत शिरतो आणि तिथे कोंदून वाढतो. २००३ मध्ये त्यांनी असे फुगीर गठ्ठे दाखवले, आणि काही वर्षांनी संसर्ग झालेल्या बायकांच्या लघवीत गळून आलेल्या पेशींतही तशाच वसाहती दिसल्या. पेशीच्या आत लपलेल्या जंतूपर्यंत औषध धड पोचत नाही.

आणि या सगळ्यात जूनची ती नॉरफ्लॉक्सासिन. तिथे मी थोडं रागावणार आहे. मार्चच्या रिपोर्टवर त्या गटाच्या औषधांसमोर काय लिहिलं होतं ते बघा. आपल्याकडे बहुतेक रिपोर्टवर तिथे ‘आर’ असतो. गोळी लागू पडत नसेल तर मूत्राशयातल्या जंतूला काही होत नाही, पण आतड्यातले साधेभोळे जंतू मरतात आणि न मरणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. ऑक्टोबरपर्यंत तुमच्या आतड्यात कुणी बस्तान बसवलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. अँटिबायोटिकच्या पाकिटावरची उभी लाल रेघ, जिच्याबद्दल २०१६ पासून सरकार सांगतंय, ती याच्यासाठीच असते. मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय द्यायला नको होती, तुम्ही मागायला नको होती.

पुढच्या वेळी जळजळ सुरू झाली तर पहिली गोळी घ्यायच्या आधी कल्चरला नमुना द्या. लॅबची निर्जंतुक डबीच वापरा, घरची धुतलेली औषधाची बाटली नको. पहिली धार सोडून मधली धरायची आणि दोन तासांत पोचवायची, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायची. बाहेर उन्हात राहिली की शंभर जंतूंचे लाख होतात आणि रिपोर्ट खोटं बोलतो. ईएसबीएल आला तरी घाबरू नका. नुसत्या मूत्राशयाच्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन ही तोंडाने घ्यायची औषधं अजून बऱ्याचदा चालतात. फॉस्फोमायसिनची तर तीन ग्रॅमची एकच पुडी असते. रिपोर्टवर त्यांच्यापुढे ‘एस’ आहे का, ते आधी शोधा. मात्र ताप आणि कमरेत दुखणं असेल तर या औषधांवर विसंबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ही औषधं लघवीत काम करतात, किडनीच्या मांसात त्यांची पोच पुरेशी नसते.

एकदा रक्तातली साखर बघून घ्या. सोनोग्राफीत लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते तेही मोजून घ्या. कधी ई. कोलायऐवजी प्रोटिअस नाव आलं तर मुद्दाम खडा शोधायला सांगा, कारण तो जंतू लघवी अल्कलीकडे झुकवून स्वतःच खडे बनवतो.

पाणी. उन्हाळी लागली की आजीने धण्याचं पाणी, सब्जा, शहाळं दिलं नाही असं घर महाराष्ट्रात सापडायचं नाही. धण्यात जंतू मारायची ताकद असो वा नसो, आजीने पाणी पाजलं हे खरं. २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दिवसाला कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० बायका होत्या. त्यांच्यातल्या अर्ध्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. त्या बायका पाळी न गेलेल्या होत्या, तरी तुम्हाला पाणी प्यायला काही हरकत नाही. प्रश्न पाण्याचा नाहीच, तुमच्या शाळेतल्या संडासाचा आहे. दिवसभर तहान मारून शिकवणाऱ्या शिक्षिका मला दर महिन्याला पत्र लिहितात. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, शाळा व्यवस्थापन समितीसमोर विषय ठेवा, चार जणींच्या सह्या घ्या. हे मी औषधाइतकंच गंभीरपणे सांगते आहे.

पण तुमच्या बाबतीत सगळ्यात जास्त फरक पडेल तो बहुधा वेगळ्याच गोष्टीने, आणि ती तुम्हाला अजून कुणी सांगितलेली दिसत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक कमी होतं, योनीतले लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद, निघून जातात, आम्लता उतरते आणि त्या रिकाम्या ओट्यावर ई. कोलाय येऊन बसतो. १९९३ मध्ये इस्रायलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांना आतून लावायची इस्ट्रोजेनची क्रीम दिली. त्यांना वर्षाकाठी सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला. साधी क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. इतका स्पष्ट फरक आमच्या धंद्यात क्वचित बघायला मिळतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून हा विषय काढा. स्तनाचा कर्करोग कधी झाला असेल किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला असेल, तर ते आधी सांगा. लाजू नका. एकदा लाजल्याने तुम्ही वर्षभर जळजळ सोसली आहे.

डी-मॅनोजच्या पुड्या. काचपट्टीवरचा तो थेंब आठवा. कल्पना अगदी तीच आहे : लघवीत मोकळी साखर सोडायची म्हणजे आकडे तिच्यात अडकतील. काचपट्टीवर ते इतकं छान दिसतं की मीही अनेक वर्षं त्याच्या प्रेमात होते. मग २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ५९८ बायकांवरच्या प्रयोगाचे आकडे आले. सहा महिने रोज पुडी घेऊनही ५१ टक्के जणींना पुन्हा त्रास झाला, नुसती फळसाखर (फ्रुक्टोज) घेणाऱ्यांतल्या ५५.७ टक्के जणींना. हा फरक नाही म्हणण्याइतकाच आहे. आलेल्या पुड्या संपवल्यात तर बिघडत नाही, पण नव्या मागवू नका. क्रॅनबेरीचा थोडाफार उपयोग होतो असं दिसतं, पण बाटलीतल्या रसात साखर फार असते आणि किंमतही.

जंतू घरातून जाणार कधी, असं विचारलंत. ई. कोलाय जाणार नाही. तो गेला तर तुमची आतडीच त्याला हाक मारून परत आणतील. एक विशिष्ट वाण मात्र काही महिन्यांत आपोआप मागे पडू शकतो, फक्त मधल्या काळात त्याला मोकळं रान देणारी औषधं विनाकारण घ्यायची नाहीत.

पुतणीला सांगा, तिला हा विषय आवडत असेल तर प्रकल्पासाठी उत्तम आहे. आधी नीट परवानगी घेऊन, घरातल्या नव्हे तर रुग्णालयातल्या नमुन्यांवर. यजमानांना हा सगळा लेख वाचायला द्या, विशेषतः त्यांची तपासणी झाली नाही, ती ओळ. आणि सोमवारी फिजिशियनला भेटून सासूबाईंच्या डोळ्याची तारीख परत घ्या. मोतीबिंदू पिकत चाललाय, आणि दिसायला कमी लागलं की म्हातारी माणसं रात्री संडासाला जाताना पडतात.